सोनकिड्यांचा पारखी

पावसाळ्यांत बाभळीच्या झाडांवर एक हिरवागार, लखलखीत भुंगेरा कधीं कधीं दृष्टीस पडतो. मुलें त्यास आगपेटींत घालून शाळेंत आणतात, आणि गुरुजींची चाहूल लागतांच ती आगपेटी खिशांत नाहींशी होते. त्याच्या पंखांवरील कठीण कवचें इतकीं शोभिवंत असतात कीं, पूर्वीं आपल्या देशांतील कारागीर तीं मलमलीच्या वस्त्रांवर कलाबतूच्या कामांत शिवीत असत. या कुळांतील भुंगेऱ्यांस आम्ही येथें सोनकिडे म्हणूं.

जगांतील सोनकिड्यांच्या सुमारें १५,००० जाती शास्त्रज्ञांनीं नोंदल्या आहेत. त्यांपैकीं एकट्या अग्रिलस नांवाच्या गणांतच ३,००० हून अधिक जाती आहेत. या जाती एकमेकींपासून निराळ्या ओळखणें हें मोठें बिकट काम होय. पाहणाऱ्याचें मन प्रथम रंगाकडे जातें. परंतु रंगासारखा फसवा साक्षीदार दुसरा नाहीं. सोनकिड्याची लकाकी बहुधा एखाद्या रंगद्रव्याची नसून कवचाच्या अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. म्हणून कवच किंचित् कलतें केलें कीं हिरव्याचें निळें किंवा तांबूस दिसूं लागतें. आणि पुष्कळदां एकाच जातीचा एक किडा हिरवा तर दुसरा तांबूस असतो. तेव्हां जाणता मनुष्य भिंग घेऊन मानेवरील ढालीचा आकार, पंखकवचांवरील रेघा व बारीक खळगे, कपाळाची ठेवण, पोटाच्या शेवटच्या वलयाची कड अशा खुणा पाहतो. आणि तेवढ्यानेंही न भागल्यास उदरांतील सूक्ष्म अवयव बाहेर काढून तपासतो. या कामीं कित्येक पंडितांचीं आयुष्यें खर्चीं पडलीं आहेत.

असें असतां युरोपांत एक लहानशी गांधीलमाशी आहे. तिच्यापाशीं भिंग नाहीं, ग्रंथ नाहीं, गुरु नाहीं. तरी ती रानांतील असंख्य किड्यांतून सोनकिडाच निवडून काढते. तिच्या या विद्येचें मर्म ज्यानें प्रथम उकललें तो कोणी श्रीमंत पंडित नव्हता. तो एक गरीब शाळामास्तर होता. झाँ आंरी फाब्र हें त्याचें नांव. त्याचें चरित्र आमच्या शाळेंतील मुलांस व त्यांच्या आईबापांस सारखेंच मननीय वाटेल, अशा समजुतीनें आम्ही तें येथें थोडक्यांत सांगत आहों.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेस रुएर्ग नांवाचा डोंगराळ व नापीक प्रांत आहे. तेथील सँ-लेओं या खेड्यांत १८२३ सालच्या डिसेंबर महिन्यांत फाब्र यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी असल्यामुळें लहानपणीं त्यांस आजोबांच्या शेतावर ठेवण्यांत आलें होतें. आजोबा-आजी मेंढ्या व गुरें यांपलीकडे कांहीं जाणत नव्हतीं. परंतु या पोरास उपजतच एक खोड होती; ती म्हणजे प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहण्याची. पांचसहा वर्षांचा असतां एके दिवशीं उन्हांत उभा राहून त्यानें असा विचार केला, कीं हा सूर्याचा प्रकाश आपण तोंडानें पाहतों कीं डोळ्यांनीं? मग त्यानें डोळे मिटून तोंड उघडलें, प्रकाश गेला. तोंड मिटून डोळे उघडले, प्रकाश आला. संध्याकाळीं हा मोठा शोध त्यानें घरांत जाहीर केला तेव्हां सर्व मंडळी हंसूं लागली. आजी तेवढी प्रेमानें हंसली.

पुढें तो आईबापांकडे परत आला. गांवच्या शाळेचे मास्तर हे शाळेबरोबरच न्हाव्याचें काम करीत व देवळाची घंटाही वाजवीत. त्यामुळें शिकविण्यास त्यांस फारशी सवड नसे. बापानें एक चित्रांचा तक्ता आणून दिला, त्यावरील जनावरांच्या नांवांवरून पोर अक्षरें शिकला. घरीं बदकांचीं पिलें पाळलीं होतीं. त्यांस डबक्यावर नेण्याचें काम त्याच्याकडे होतें. पिलें पोहत आणि हा पाण्याकांठीं पालथा पडून पाहत राही. एके दिवशीं तेथील झाडावर त्यास आकाशाहूनही निळा असा एक भुंगेरा सांपडला. त्यानें तो गोगलगाईच्या रिकाम्या शंखांत घातला, वर पानाचें बूच बसविलें, आणि चकाकणारे खडे व शिंपले यांनीं खिसे भरून तो घरीं आला. आईबापांनीं खिशांचीं झालेलीं भोकें पाहिलीं आणि ते दगडधोंडे बाहेर फेकून देण्यास सांगितलें. पोराच्या हातून पुढें कांहीं भलें होईल अशी त्या बिचाऱ्यांची आशा त्या दिवशीं बरीच ओसरली असावी.

यानंतर घरावर दैवाचा फेरा आला. बापाचा एकही धंदा नीट चालेना. कुटुंब या गांवाहून त्या गांवीं फिरत राहिलें आणि शेवटीं पांगलें. कोंवळ्या वयाच्या फाब्र यांनीं जत्रेंत लिंबें विकलीं व आगगाडीच्या नव्या रस्त्यावर मजुरी केली. परंतु पुस्तक हातचें सुटलें नाहीं. आव्हिन्यों येथील शिक्षकांच्या शाळेसाठीं एक शिष्यवृत्ति होती. तिच्या परीक्षेस ते बसले व पहिले आले. १८४२ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ते कार्पांत्रास गांवीं प्राथमिक शिक्षक झाले. वेतन वर्षाचे ७०० फ्रँक.

येथें त्यांच्या आयुष्यांतील पहिली मोठी घटना घडली. ते मुलांस जमीनमोजणी शिकविण्याकरितां माळावर नेत. कांहीं दिवसांनीं त्यांच्या असें लक्षांत आलें कीं, साखळी धरावयास पाठविलेला मुलगा मध्येंच वाकतो, दगड उचलतो आणि गवताची काडी तोंडांत घालतो. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, एक मोठी काळी माशी दगडांवर मातीचीं घरटीं बांधते व त्यांत मध सांठविते. आणि मुलें तो मध काडीनें चोखतात. दुसरा कोणी मास्तर असता तर छडी उगारता. फाब्र यांनीं मुलांबरोबर स्वतःही काडी घेतली! मग त्या माशीचें नांव काय असावें अशी त्यांस तळमळ लागली. गांवांतील पुस्तकविक्रेत्याकडे कीटकांवरील एक सचित्र ग्रंथ होता. त्याची किंमत म्हणजे त्यांचा एक महिन्याचा पगार. तो पगार त्यांनीं तेथें ठेवला व ग्रंथ घरीं आणून अक्षरशः पाठ केला. आतां ते भुंगेरे व सोनकिडे गोळा करूं लागले. बुचाच्या पेटींत टांचणीनें ते ओळीनें लावावयाचे, ग्रंथाशीं ताडून पाहावयाचे, आणि प्रत्येकाखालीं नांवाची चिठ्ठी लावावयाची, हा त्यांचा आवडता उद्योग झाला.

पोटासाठीं मात्र त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान यांच्या परीक्षा घरींच अभ्यास करून दिल्या, आणि १८४९ सालीं ते कॉर्सिका बेटावरील आजाक्सियो येथें विज्ञानाचे शिक्षक म्हणून गेले. तेथें मोकँ-तांदों नांवाचे एक प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचे पाहुणे झाले. निघण्यापूर्वीं या थोर गृहस्थांनीं पाण्यानें भरलेल्या बशींत एक गोगलगाय ठेवली आणि घरांतील कातरी व सुया यांनीं ती उघडून तिची आंतली सर्व रचना त्या तरुण शिक्षकास दाखविली. फाब्र यांस आयुष्यांत सृष्टिज्ञानाचा मिळालेला हा एकच धडा होय. परंतु प्राण्याचें बाह्यांग पाहून भागत नाहीं, त्याचें अंतरंग पाहिलें पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनांत कायमची ठसली.

१८५३ सालीं ते आव्हिन्यों येथील विद्यालयांत आले. आतां घरांत बायकामुलें होतीं. वेतन १,६०० फ्रँक. खाजगी शिकवण्या केल्यावांचून महिना सरत नसे. अशा दिवसांतील एका हिवाळ्याच्या रात्रीं घरचीं सर्व माणसें निजलीं असतां ते शेगडीजवळ एक निबंध वाचीत बसले होते. शेगडींतील राख अद्याप कोमट होती. उद्यांच्या काळजीचा त्यांस विसर पडला होता. तो निबंध लेओं द्युफूर यांचा होता.

द्युफूर हे सँ-सव्हेर गांवचे वृद्ध वैद्य. नेपोलियनच्या सैन्याबरोबर ते स्पेनमध्यें जाऊन आले होते. आणि कीटकशास्त्रांत त्या काळीं त्यांचा शब्द प्रमाण मानीत. १८३९ सालीं त्यांच्या एका स्नेह्यानें त्यांस एक दुर्मिळ सोनकिडा पाठविला व कळविलें, कीं ही वस्तु एका गांधीलमाशीच्या पायांतून पडली. पुढल्या उन्हाळ्यांत द्युफूर यांनीं त्या माशीचीं बिळें शोधून काढलीं. सर्सेरिस असें तिच्या गणाचें नांव. ती टणक वाळूंत बीळ खणते, तळाशीं कोठड्या करते, प्रत्येक कोठडींत मेल्यासारखे दिसणारे सोनकिडे रचते, आणि त्यांवर अंडें घालून दार बंद करते. अंड्यांतून निघालेल्या अळीचें तें अन्न. द्युफूर यांनीं बिळें खणून ४५० हून अधिक किडे बाहेर काढले. त्यांत सोनकिड्यावांचून दुसरा एकही किडा नव्हता.

आणि हे सोनकिडे तरी एका जातीचे होते काय? नाहीं, ते नऊ जातींचे होते. एक निळसर-हिरवा व पिवळ्या ठिपक्यांचा, एक काळसर, एक अगदीं सडपातळ, हिरवा, पाठीवर पांढरे ठिपके असलेला, एक रुंद, ब्राँझच्या रंगाचा व पाठीवर सोनेरी खळग्यांचा. आकार निराळा, रंग निराळा, लांबी निराळी. आजचे शास्त्रज्ञ तर त्यांस अनेक वेगवेगळ्या गणांत घालतात. शाळेंतील मुलांपुढें हे नऊ किडे ठेवले तर ते एका कुळाचे आहेत हें सांगतां येणार नाहीं; आणि त्याच वेळीं दिसण्यांत तसेच झगझगीत असे दुसऱ्या कुळाचे भुंगेरे त्यांत मिसळले तर मुलें खात्रीनें फसतील. माशी मात्र फसली नव्हती.

दुसरें आश्चर्य याहून मोठें होतें. मेलेला भुंगेरा उन्हाळ्यांत थोड्याच दिवसांत वाळतो किंवा कुजतो. परंतु बिळांतील हे किडे कित्येक दिवसांनंतरही ताजे, सांध्यांत लवचीक, आंतून अभंग असे राहत. द्युफूर यांनीं असा तर्क केला कीं, माशी आपल्या विषानें किडा मारते आणि त्या विषांत मांस टिकविण्याचा गुण असतो. लोणच्याप्रमाणें तें तिचें अन्न न नासतां राहतें.

फाब्र यांनीं निबंध मिटला तेव्हां त्यांच्या मनाची स्थिति पालटून गेली होती. पेटींत सुंदर किडे लावणें व त्यांस नांवें देणें हें आवश्यक खरें, पण तें दार उघडण्यासारखें आहे. घर तर अजून पुढेंच आहे, असें त्यांस दिसून आलें. आणि त्याबरोबर एक शंकाही त्यांच्या मनांत आली. लोणच्याची उपमा त्यांस पटेना. विष कितीही तीव्र असलें तरी एका सूक्ष्म थेंबानें उन्हाळ्यांतील मांस आठवडेच्या आठवडे ताजें कसें राहावें? तो किडा मेलेलाच नसेल तर?

लक्षांत घ्या, शंका घेणारा हा तीस वर्षांचा खेडवळ मास्तर. आणि ज्यांच्यावर शंका घ्यावयाची ते पाऊणशें वर्षांचे सर्वमान्य आचार्य. फाब्र यांनीं वाद घातला नाहीं, टीकालेख लिहिला नाहीं. ते टोपी घालून माळावर गेले.

त्यांच्या प्रांतांत त्याच गणाची एक मोठी माशी सप्टेंबर महिन्यांत उभ्या दरडींत बिळें करीत असे. तिची शिकार सोनकिडा नव्हे, तर एक मोठा सोंडकिडा होती. आपल्या धान्यांत जे सोंडे होतात त्यांचाच तो थोरला नातलग. या सोंडकिड्याचें वजन सरासरी २५० मिलिग्रॅम आणि त्यास उचलून नेणाऱ्या माशीचें १५० मिलिग्रॅम! फाब्र यांनीं माशांच्या बिळांतून व पायांतून पुष्कळ सोंडकिडे मिळविले व घरीं नेऊन तपासले. पहिल्या कांहीं दिवसांत त्या निश्चल किड्यांच्या पोटांतून मळ बाहेर पडत होता. मेलेल्यास ही क्रिया कशी घडेल? कांहींना बाटलींत बेंझिनची वाफ दिली तेव्हां पाय व शृंगें किंचित् हललीं. विजेचा प्रवाह सोडला तेव्हांही तसेंच. म्हणजे किडा जिवंत होता; फक्त त्याचें हलणें बंद झालें होतें. अळीस ताजें अन्न हवें म्हणून माशी त्यास ठार मारीत नाहीं. अर्धांगवायूनें मनुष्य पडावा तसा त्यास पाडून ठेवते.

आतां प्रश्न राहिला तो हा कीं, ती डंख कोठें मारते. हें पाहण्यास जिवंत सोंडकिडे हवे होते. ज्या भूमींतून माशी घटकेंत एक किडा आणते त्याच भूमींत फाब्र यांनीं दोन दिवस कुंपणें, शेतें व वाटा धुंडाळून तीन किडे मिळविले. तेही धुळीनें भरलेले व लंगडे. ते त्यांनीं माशीच्या दारापुढें ठेवले. माशीनें ढुंकूनही पाहिलें नाहीं. बाटलींत दोघांस कोंडलें. माशी पळावयाची वाट शोधूं लागली. शेवटीं त्यांस एक युक्ति सुचली. माशी आपली शिकार पोटाशीं धरून दरडीवर चढत असतां त्यांनीं चिमट्यानें ती शिकार हळूच ओढून घेतली आणि तत्क्षणीं तिच्या जागीं जिवंत किडा टाकला. माशी गर्रकन् वळली. किडा दिसतांच तिनें त्याची सोंड जबड्यांत धरली, पुढच्या पायांनीं पाठ दाबली, त्यामुळें खालचा सांधा उघडला. आणि पायांच्या पहिल्या व दुसऱ्या जोडीच्या मध्यें तिनें दोनतीनदां नांगी खुपसली. किडा जागच्या जागीं निश्चल झाला. तडफड नाहीं, झटका नाहीं. मग तिनें तो उचलला व नेला. फाब्र यांनीं तिन्ही किड्यांवर हा प्रयोग केला. तिन्ही वेळां डंख त्याच जागीं बसला.

त्याच जागीं कां? येथें कॉर्सिकांतील तो बशींतला धडा उपयोगी पडला. कीटकांच्या छातींत मज्जातंतूंच्या तीन गांठी असतात. पाय व पंख यांचें हलणें त्यांच्या हातीं असतें. पुष्कळशा भुंगेऱ्यांत या तीन गांठी एकमेकींपासून दूर असतात. एकीस इजा झाली तरी बाकीच्या दोन काम करीत राहतात. ज्या किड्यांत या गांठी जवळ जवळ किंवा एकत्र जुळलेल्या असतील तेच एका ठिकाणच्या डंखानें निकामी व्हावयाचे. असे किडे कोणते? ब्लांशार या शास्त्रज्ञानें भुंगेऱ्यांच्या मज्जातंतूंचें वर्णन केलें होतें. फाब्र यांनीं तें उघडून यादी काढली: शेणकिडे व त्यांचे सोबती, घाणींत राहणारे कांहीं चकचकीत काळे किडे, झाडांच्या सालींतील अगदीं बारीक किडे, सोंडकिडे आणि सोनकिडे. पैकीं पहिले कांहीं फार मोठे व कांहीं मलिन जागीं राहणारे. सालींतले फार चिमुकले. राहतां राहिले दोन, सोंडकिडे व सोनकिडे. आणि सर्सेरिसच्या ज्या भुंगेरे धरणाऱ्या जातींचें भक्ष्य त्या वेळीं ठाऊक होतें त्या नेमक्या याच दोन कुळांवर निर्वाह करीत होत्या.

खात्री करण्याकरितां फाब्र यांनीं स्वतः माशीचें काम केलें. एका टोंकदार धातूच्या टांकावर अमोनियाचा थेंब घेऊन त्यांनीं निरनिराळ्या भुंगेऱ्यांच्या त्याच सांध्यांत टोंचलें. सोनकिडे, सोंडकिडे व शेणकिडे जागींच निश्चल झाले आणि कित्येक दिवस ताजे राहिले. ज्यांच्या गांठी दूर दूर असतात अशा लांब शिंगांच्या व शिकारी भुंगेऱ्यांनीं जोरानें झटके दिले, आणि थोड्या वेळानें ते पुन्हां चालूं लागले.

ते नऊ सोनकिडे रंगानें, आकारानें, लांबीनें भिन्न खरे; परंतु अंतरंगांत एक. सोनकिडा व सोंडकिडा यांत तर बाहेरून कांहींच साम्य नाहीं. एक राजपुत्रासारखा, दुसरा धुळींतला हमाल. तरी छातीच्या आंत त्यांची ठेवण जुळते. मनुष्य भेद शोधतांना पाठीवरील खुणा पाहतो. माशीच्या निवडीचें फळ पोटाखालच्या मज्जातंतूंशीं जाऊन भिडतें. ती हें जाणून करते असें नाहीं. सृष्टिकर्त्यानें तिला दिलेली ती उपजत बुद्धि आहे, असेंच फाब्र आयुष्यभर मानीत आले.

१८५५ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत द्युफूर यांच्या कामाचा गौरव होता, आणि त्यांच्या तर्काचें खंडनही होतें. आतां तें वृद्ध आचार्य काय म्हणणार? त्या काळींही विद्वानांत मत्सर थोडा नव्हता. परंतु द्युफूर यांनीं या अनोळखी मास्तरास उत्साहानें भरलेलें पत्र पाठविलें व त्यास याच मार्गानें पुढें जाण्यास सांगितलें. १८५६ सालीं पॅरिसच्या विद्वत्सभेनें फाब्र यांस प्रायोगिक शरीरविज्ञानाचें मोंत्यों पारितोषिक दिलें. चूक दाखविणारा नम्र आणि चूक दाखवून घेणारा उदार, असा हा योग विरळा. पुढें डार्विन यांनींही आपल्या प्रख्यात ग्रंथांत फाब्र यांच्या निरीक्षणाची थोरवी गायिली.

कीर्तीनें मात्र पोट भरलें नाहीं. अठरा वर्षें नोकरी करूनही वेतन वाढलें नाहीं. मंजिष्ठेच्या मुळांतून शुद्ध रंग काढण्याची कृति त्यांनीं कित्येक वर्षें खपून बसविली. तेवढ्यांत जर्मनीच्या रसायनशाळेंत तोच रंग डांबरापासून तयार झाला आणि सर्व श्रम वायां गेले. मुलींसाठीं भरणाऱ्या सायंवर्गांत त्यांनीं फुलांत फळ कसें धरतें हें समजावून सांगितलें. त्यावरून गांवांत गिल्ला झाला, आणि १८७० सालीं घरमालकिणींनीं त्यांस पांच मुलांसह घर सोडावयास लावलें. अशा वेळीं इंग्रज तत्त्ववेत्ते जॉन स्टुअर्ट मिल यांनीं ३,००० फ्रँक पाठवून त्यांस तारलें. नोकरी सोडून ते ओरांज गांवीं राहिले व मुलांसाठीं विज्ञानाचीं क्रमिक पुस्तकें लिहून संसार चालवूं लागले. मिल यांचें ऋण त्यांनीं फेडलें.

याच गांवीं त्यांच्यावर मोठा घाव पडला. त्यांचा मुलगा ज्यूल हा बापाचा खरा शिष्य. फुलें व कीटक यांची त्यास लहानपणापासून ओढ. बापाच्या डोळ्यांस न दिसलेली माशी त्याच्या डोळ्यांस दिसावयाची. १८७७ सालीं, सोळाव्या वर्षीं, तो वारला. बाप आजारी पडला व कांहीं काळ जगतो कीं नाहीं असें झालें. सावरल्यावर त्यांनीं आपल्या ग्रंथाचा पहिला भाग पुरा केला. त्या ग्रंथाच्या शेवटीं त्यांनीं कांहीं गांधीलमाशा नव्या जातींच्या म्हणून वर्णिल्या. परिचित जातींपासून त्या कोणत्या खुणांनीं भिन्न आहेत हें शास्त्राच्या कोरड्या रीतीप्रमाणें लिहिलें. आणि त्यांस ज्यूलचें नांव दिलें. त्यांत एक सर्सेरिसही होती. श्रीमंत लोक मुलाच्या स्मरणार्थ संगमरवरी स्तंभ उभारतात. या गरीब बापानें एका लहानशा माशीच्या नांवांत मुलाचें नांव ठेविलें.

१८७९ सालीं हा पहिला भाग छापून निघाला, आणि त्याच सालीं त्यांनीं सेरिन्यां गांवाजवळ एक दगडाळ, काटेरी, कोणासही नको असलेली जमीन विकत घेतली. आर्मा म्हणजे पडीक माळ, हेंच त्या जागेचें नांव. तेथें कुंपण घालून ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कीटक पाहत बसत. शेजाऱ्यांस तो वेडा वाटे. ग्रंथाचे दहा भाग १९०७ सालापर्यंत प्रसिद्ध झाले. ते अत्यंत वृद्ध झाल्यावर, १९१० सालीं, जगास त्यांची आठवण झाली व त्यांचा मोठा सत्कार करण्यांत आला. ११ ऑक्टोबर १९१५ रोजीं वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. त्यांचें घर व तो माळ आतां फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे असून लोक तेथें दर्शनास जातात.

थोर पुरुषाच्या चुका झांकणें हें त्याच्या स्मृतीस शोभत नाहीं. फाब्र यांस तर मुळींच शोभलें नसतें. उत्क्रांतीचें तत्त्व त्यांनीं कधींच मान्य केलें नाहीं. या बाबतींत काळानें डार्विन यांच्या बाजूनें निकाल दिला आहे. गांधीलमाशीचा डंख कधींच चुकत नाहीं असें त्यांस वाटे. पुढील निरीक्षकांस तो चुकतांना आढळला. मधमाशा किंवा पानखाऊ भुंगेरे धरणाऱ्या सर्सेरिसही आहेत. ज्या न्यायानें त्यांनीं द्युफूर यांस सुधारलें त्याच न्यायानें इतरांनीं त्यांस सुधारलें.

परंतु त्यांच्या माशीचें काम संपलेलें नाहीं. २००२ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत व शेजारच्या कॅनडांत पूर्व आशियांतून आलेला एक हिरवा सोनकिडा आढळला. तो अग्रिलस गणाचा. त्याच्या अळ्या ॲश वृक्षाच्या सालीखालीं पोखरतात व झाड वाळतें. त्यानें आजवर कोट्यवधि झाडें मारलीं आहेत. हा परका चोर उंच शेंड्यावर राहतो. आणि तेथील मूळच्या निरुपद्रवी अग्रिलस जातींशीं त्याचें इतकें साम्य आहे, कीं जाणकारासही नीट पाहावें लागतें. मग तेथील शास्त्रज्ञांस फाब्र यांच्या माशीची एक अमेरिकन बहीण आठवली. ती खेळाच्या मैदानांतील वाळूंत बिळें करते व नाना जातींचे सोनकिडे धरून आणते. माणसें बिळांपाशीं जाळें घेऊन बसतात, तिची शिकार तपासतात आणि परका सोनकिडा त्या रानांत शिरला कीं काय तें ओळखतात. कनेटिकट राज्यांत हा शत्रु २०१२ सालीं प्रथम उघडकीस आला तो याच रीतीनें. सोनकिडा शोधून आणावयाचें काम माशीचें. त्याची जात ठरविण्याचें काम भिंगवाल्या पंडिताचें. दोन्ही विद्या मिळून झाडें वांचविण्याचा यत्न चालला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रापासून आपणांस घेण्याजोगें पुष्कळ आहे. आम्ही दोनच गोष्टी सांगतों. वस्तूचें नांव शिका, खुणा शिका, भेद ओळखा. तें कष्टाचें काम आहे व त्यावांचून ज्ञानाचा पाया पडत नाहीं. परंतु नांव कळलें म्हणजे वस्तु कळली असें समजूं नका. दुसरी गोष्ट ही, कीं वडील माणसांचें म्हणणें पटलें नाहीं तर उर्मट उत्तर देऊं नका आणि मुकाट्यानें मानही डोलावूं नका. फाब्र यांच्याप्रमाणें माळावर जा आणि पाहून या.

आणि पालकांस एक विनंति. पावसाळ्यांत मुलाच्या खिशांत एखादी आगपेटी सांपडली व तिच्यांतून खुडखुड आवाज आला, तर ती लगेच बाहेर फेकूं नका. आधीं त्याच्या शेजारीं बसून ती उघडा. आणि आंत काय आहे तें त्यालाच सांगूं द्या.